काकांच्या फोनची रुंदी

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या गणेश मंडळासाठी आरतीच्या वेळा दाखवणारे छोटे अ‍ॅप मी लिहिले, तेव्हा सर्व मापे पिक्सेलमध्ये न देता डीपीत दिली होती. (येथे डीपी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो नव्हे, तर पडद्याच्या घनतेनुसार, म्हणजे दर इंचातल्या बिंदूंच्या संख्येनुसार, कमीजास्त पिक्सेल घेणारे माप.) अँड्रॉइडमध्ये दर इंचाला १६० बिंदू असलेल्या पडद्यावर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल, त्यामुळे ३२० घनतेचा ७२० पिक्सेल रुंद फोन आणि ४८० घनतेचा १०८० पिक्सेल रुंद फोन, दोन्ही सारखेच ३६० डीपी भरतात.

तरीही काकांच्या फोनवर उजवीकडचे बटण अर्धे कापले गेले. फोन १०८० पिक्सेलचाच असल्याने मी बराच वेळ भलतीकडेच दोष शोधत बसलो. डोळ्यांना त्रास नको म्हणून काकांनी सेटिंगमध्ये डिस्प्लेचा आकार वाढवला होता, आणि तसे केले की फोन अ‍ॅपला आपली घनताच वाढवून सांगतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ती ५४० झाली होती. १०८० ला १६० ने गुणून ५४० ने भागले की हाती उरतात ३२० डीपी. माझी मांडणी मात्र ३६० गृहीत धरून बसली होती.

आता मी फोनच्या पडद्याऐवजी अ‍ॅपला त्या क्षणी मिळालेल्या खिडकीची रुंदी डीपीत मोजतो, कारण पडदा विभागून दोन अ‍ॅप चालवली की पूर्ण पडद्याचे माप निरुपयोगी ठरते. ६०० डीपीखाली एकच रकाना, त्यापुढे दोन. बटणाला ४८ डीपीपेक्षा कमी जागा कोठेही देत नाही.