काम सांगणारे घर

गेली काही वर्षे मी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना घेऊन तीन-चार दिवसांसाठी खेड्यात राहायला जाते. मुक्काम शाळेत किंवा सभागृहात नसतो. दोघादोघांची जोडी एकेका कुटुंबाकडे राहते, त्यांच्याबरोबर जेवते आणि त्यांच्याबरोबरच उठते. ज्या घराने विद्यार्थ्याला काम सांगितले तिथून तो काही शिकून आला आणि ज्या घराने त्याला पाहुणा म्हणून बसवून ठेवले तिथून तो केवळ फोटो घेऊन आला, असे मला दरवर्षी दिसत आले आहे.

पहिल्या वर्षी माझी मोठी चूक झाली. मुलांना गावाची संस्कृती दिसावी म्हणून मी रोज रात्री नाच-गाण्याचा कार्यक्रम ठेवण्याची विनंती केली आणि गावकऱ्यांनी भिडेखातर ती मान्य केली. दिवस कापणीचे होते. दिवसभर शेतात राबलेल्या बायका रात्री नटून नाचल्या, त्यानंतर त्यांनी पाहुण्यांची ताटे वाढली आणि पहाटे त्या पुन्हा शेतावर गेल्या. तिसऱ्या रात्री आमच्या यजमानीणबाईंचा वाढता वाढता, हातात पळी असतानाच, भिंतीला टेकून डोळा लागला, तेव्हा आपण या घरावर काय लादले आहे हे माझ्या ध्यानात आले. तेव्हापासून आम्ही कार्यक्रम मागत नाही आणि शेतीच्या कामांची विचारपूस केल्याशिवाय तारखा ठरवत नाही.

विद्यार्थ्यांनी परक्या कुटुंबात राहण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील डोनाल्ड वॉट यांनी १९३२ मध्ये ‘एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ हा उपक्रम सुरू केला आणि परदेशी कुटुंबात राहून तिथले जगणे समजून घेण्याची पद्धत त्यातून रुजली. मला अधिक जवळचे वाटते ते जपानमधील अजिमु. ओइता प्रांतातील या भागात शेतकरी कुटुंबांनी १९९६ मध्ये आपल्या घरांत पाहुणे ठेवायला सुरुवात केली. शालेय सहलींची मुलेही तिथे राहतात. एकदा राहिलेला पाहुणा दूरचा नातेवाईक आणि दहा वेळा राहिलेला सख्खा नातेवाईक, असे तिथे मानतात.

नाते कामातून कसे जुळते, ते मी गेल्या वर्षी पाहिले. दुसऱ्या वर्षाला शिकणारी एक मुलगी पहिल्या दिवशी दोन बादल्या पाण्याने आंघोळ करून बसली होती. काहीही करायला गेली की काकू म्हणायच्या, “राहू दे गं, तू पाहुणी आहेस.” दुसऱ्या दिवशी पहाटे तिने न विचारता कळशी उचलली आणि ती काकूंच्या मागोमाग निघाली. परतताना पाणी हिंदकळून तिचा खांदा भिजला, तेव्हा काकूंनी वाटेतल्या झाडाची चार पाने तोडली, धुतली आणि कळशीतल्या पाण्यावर अलगद सोडली; पाण्याचे हिंदकळणे थांबले. घर येईपर्यंत दोघी बोलत होत्या. त्या दिवशी मुलीने अर्ध्या बादलीत आंघोळ उरकली आणि संध्याकाळी काकूंनी तिला आपण होऊन चुलीपाशी बसवले.

व्यवहाराची बाजूही सांगायला हवी, कारण गावातली मने तिथेच दुखावतात. सुरुवातीला मी मोठी आणि सोयीची घरे निवडत असे. साहजिकच दरवर्षी पैसा त्याच चार घरांत जाई. नेपाळच्या स्यांग्जा जिल्ह्यातील सिरुबारी गावात १९९७ पासून होमस्टे चालतो आणि तिथे पाहुणा कोणाकडे उतरेल हे गावची समिती पाळीपाळीने ठरवते, असे वाचल्यावर मी घरे निवडणे सोडून दिले. आता यादी गावच करते, सर्व घरांना सारखीच रक्कम मिळते आणि ती पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर दिली जाते.

यंदाच्या तारखा अजून ठरलेल्या नाहीत. पेरणी उरकली की गावाकडून निरोप येईल. त्या मुलीला पुन्हा काकूंकडेच राहायचे आहे. पाळी मात्र दुसऱ्या घराची आहे, त्यामुळे ती तिथेच राहील. पण पहाटे पाण्याला काकूंबरोबर जाण्याची परवानगी तिने आत्ताच माझ्याकडून घेऊन ठेवली आहे.