कुठे उतरलात?

मुंबईच्या लग्नात नवरा-नवरी सोडून बाकी सगळ्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘कुठे उतरलात?’

आमच्या लहानपणी या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एखाद्या माणसाचं नाव असायचं. ‘मावशीकडे, लालबागला.’ मावशीची खोली दहा बाय बाराची. आम्ही सहा जण ट्रंकेसकट धडकलो तरी ती शेजाऱ्यांच्या दोन गाद्या मागून आणायची आणि आम्हा पोरांची पथारी गॅलरीत पडायची. आता मावशीच्या मुलाचा कांदिवलीला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. तो फोनवर ‘या ना घरी’ म्हणतो, मनापासून म्हणतो. पण त्यातला ‘ना’ किती लांबला यावरून आपण लॉज बघायचा की नाही, ते ठरवायचं असतं. यंदाचा ‘ना’ आखूड होता.

म्हणून भाच्याच्या लग्नासाठी दादर पश्चिमेला, हॉलपासून पाच मिनिटांवर, खोली घेतली. मोबाईलवरच्या फोटोत पांढरीशुभ्र चादर आणि तिच्यावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून बसलेले. खोलीचं नाव डिलक्स. भाडं दोन हजार. ही म्हणाली, ‘हंस छान आहेत.’ तिथेच आमचं चुकलं.

सांगलीहून महालक्ष्मीने निघालो आणि सकाळी सातच्या सुमाराला दादरला उतरलो. काउंटरमागच्या मॅनेजरने साईबाबांच्या फोटोपुढे उदबत्ती ओवाळत सांगितलं, ‘चेक-इन बाराचं.’ मग उदबत्ती खोचून झाल्यावर, ‘आत्ता पाहिजे तर पाचशे.’ दिले. (नंतर बिल बघितलं. त्यात पाच टक्के जीएसटी होता, हे पाचशे मात्र कुठेच नव्हते.)

आधारची झेरॉक्स दिली आणि रजिस्टर पुढ्यात आलं. नाव, वय, कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचे कारण. वरच्या तीन ओळींत कारणाच्या रकान्यात नुसतं ‘टाटा’ लिहिलेलं होतं. परळच्या हॉस्पिटलात आलेली माणसं, त्याहून जास्त काय लिहिणार. मी माझ्या वयापुढे अठ्ठावन्न लिहिलं आणि कारणापुढे ‘लग्न’. मॅनेजरने ते वाचलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, मग हिच्याकडे. मी घाईघाईने कंसात ‘भाच्याचे’ असं जोडलं.

खोलीत हंस नव्हते. त्यांचा टॉवेल होऊन बराच काळ लोटला असावा. तोही एकच, पापडासारखा कडक. उशीवर कुणाच्या तरी खोबरेल तेलाचा नकाशा. बेसिनमध्ये दोन डांबरगोळ्या. पडदा भरजरी होता, म्हणून उत्साहाने बाजूला केला, तर खिडकी डक्टमध्ये उघडत होती. समोर ड्रेनेजचे पाइप आणि त्यावर कबुतरं. मार्क ट्वेन १८९६ साली मुंबईत आला तेव्हा काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात उतरला होता आणि बाल्कनीवर येऊन बसणाऱ्या कावळ्यांनी त्याला इतकं पछाडलं की त्याने त्यांच्यावर पानं खर्ची घातली. कबुतरांवर काय लिहिणार? ती नुसती घुमतात.

बोर्डावर नऊ बटणं होती. दोन दिव्यांची, एक पंख्याचं, एक गिझरचं, पण गरम पाणी सहा ते आठ. उरलेल्यांपैकी सातवं दाबलं की शेजारच्या खोलीतून ‘ओ!’ असा आवाज यायचा. दोनदा खात्री करून घेतली आणि मग नाद सोडला.

खरी गंमत आरशावर होती. कडेने टिकल्या चिकटवलेल्या. मी मोजल्या, अकरा. बहुतेक मरून, मध्यम आकाराच्या. एक खड्याची, लग्नातलीच असणार. एक इतकी बारीक की आधी मला ती आरशावरचा डाग वाटली. एक हिरवी, हिच्या मते साडीला मॅचिंग. रात्री तोंड धुताना काढून लावायची, सकाळी गडबडीत विसरायची, पाकिटातली नवी लावून निघून जायचं. ‘पुसत सुद्धा नाहीत मेले,’ असं म्हणत हिने एक नखाने खरवडली. ती हलली नाही. तिचा डिंक वाळून काचेचा झाला होता. मग ही तशीच त्या अकरांच्या मध्ये चेहरा धरून केस विंचरायला लागली.

रात्री झोप म्हणून नाही. एसी चालू केला की पाणी गळायचं, बंद केला की डास. डक्टमधून स्टेशनवरच्या घोषणा स्पष्ट ऐकू येत होत्या. पूर्वी दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट वेगवेगळे मोजायचे, डिसेंबर २०२३पासून ते सलग एक ते चौदा झाले. मी पडल्या पडल्या घोषणांतून चौदाही पुरे होतात का बघत होतो. नवापर्यंत गेलो. मग ‘उतरणे’ या क्रियापदाच्या मागे लागलो. ताप उतरतो, सूज उतरते, दृष्ट उतरवतात, शेताचा उतारा काढतात, आणि माणूस लॉजवर उतरला की त्याचा चेहराही उतरतो. चारच्या आसपास शेजारचा ‘ओ’वाला उठला आणि फोनवर झेंडूच्या भावावरून कुणाशी तरी भांडायला लागला. फुलबाजार जागा झाला होता.

‘खाली जाऊन जरा सांगा तरी त्यांना,’ ही अंधारात म्हणाली. गेलो. शब्द जिन्यातच जुळवले होते, त्यात ‘ग्राहक’ हा शब्दही होता. खाली फाटक्या रेक्झिनच्या सोफ्यावर सकाळी आमच्या बॅगा उचलणारा पोरगा पाय पोटाशी घेऊन झोपलेला. काउंटरच्या मागे, फरशीवर पेपर अंथरून, मॅनेजर. त्याने एक डोळा उघडला. ‘क्या हुआ, साहेब?’ मी म्हटलं, ‘पाणी.’ त्याने झोपेतच कूलरकडे बोट दाखवलं. बाटली न्यायचं माझ्या लक्षात नव्हतं, म्हणून तिथेच ग्लासभर प्यायलो आणि वर आलो. हिला सांगितलं, ‘बोललो.’

लग्न मात्र उत्तम झालं. मठ्ठा फार छान होता. दुसऱ्या पंगतीला मावशीचा मुलगा माझ्या शेजारी बसला आणि जिलबी वाढली जात असतानाच त्याने विचारलं, ‘कुठे उतरलात? घरी यायचं ना!’ हा ‘ना’ चांगला लांब होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात ही म्हणाली, ‘इथेच हो, पाच मिनिटांवर. छान आहे. एसी रूम, स्टेशन जवळ.’

‘अरे वा!’ तो सरसावून बसला. ‘पुढच्या महिन्यात आमच्याकडे मुंज आहे. हिच्या माहेरचे पंधरा जण येताहेत, सगळ्यांना घरी कुठे ठेवणार? नंबर दे बरं त्यांचा.’

मी हिच्याकडे बघितलं. ती जिलबीत मग्न होती. कपाळावरची टिकली नवी होती, सकाळपर्यंत मरून होती ती आता लाल.

मी हात पुसले आणि नंबर दिला.