तुम्ही विचारलंत म्हणून: ‘हा चालेल का हो?’

एप्रिल आला की माझा फोन वाजायला लागतो. मंडळाच्या पाडव्याला मी ताटात श्रीखंड वाढून घेत असलो तरी कोणीतरी शेजारी येऊन विचारतंच, “सर, यंदाचा पहिल्या नंबरचा क्वार्टरबॅक चालेल का हो?” क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, संघ चालवणारा खेळाडू. चालेल म्हणजे कॉलेजात जसा गाजला तसा एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, गाजेल का. एप्रिलमध्ये तिथले संघ कॉलेजातली पोरं सात फेऱ्यांत पाळीपाळीनं निवडतात. मी ओहायोत राहतो, संख्याशास्त्र शिकवतो आणि एकेकाळी माझ्याकडे, कोण कितव्या फेरीत निवडला जाईल ते आकड्यांवरून सांगणारं, एक ‘मॉडेल’ होतं. एवढ्या भांडवलावर लोक मला ज्योतिषी समजतात. मी गेली कित्येक वर्षं “बघू या” म्हणून सुटका करून घेतो. त्यामुळे काहींनी मला शिष्ट ठरवलंय आणि काहींनी भित्रा. त्यातलं दुसरं बरोबर आहे. ते का, हे एकदा लिहून टाकतो.

आधी तुमचे नेहमीचे दाखले. 1998 सालचे पेटन मॅनिंग आणि रायन लीफ तर प्रत्येक जण मला नव्यानं ऐकवतो. पहिला मॅनिंग, दुसरा लीफ, आणि दोघांत कोण सरस यावर तेव्हा खरंच वाद होता. लीफ चार वर्षांत संपला, मॅनिंग महान झाला. सगळं खरं. पण मॅनिंगनं पहिल्या मोसमात 28 इंटरसेप्शन दिले, म्हणजे 28 वेळा चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात फेकला, आणि त्याचा संघ सोळापैकी तेरा सामने हरला, हे कोणी आठवणीनं सांगत नाही. त्या डिसेंबरात तुम्ही मला विचारलं असतंत तर मी काय म्हणालो असतो, ते मला पक्कं माहीत आहे.

टॉम ब्रेडी 199वा निवडला गेला आणि तरी महान झाला, हेही मला नको. त्यापेक्षा आमच्या ओहायोतली केंट स्टेट घ्या. फुटबॉलमध्ये तिचं फार नाव नाही. तिथला जेम्स हॅरिसन कोणीच निवडला नाही, आणि 2008 साली तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. तिथला ज्युलियन एडलमन कॉलेजात क्वार्टरबॅक होता. सातव्या फेरीत गेला, रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) झाला आणि सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, मानकरी ठरला. अँटोनियो गेट्सची तर कमाल आहे. तो तिथे बास्केटबॉल खेळायचा. कॉलेजात फुटबॉल न खेळलेला माणूस 2025 साली फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला! आता घाला हे मॉडेलमध्ये.

खेळ वेगळा असतो, हे एक कारण सगळ्यांना ठाऊक आहे, पण किती वेगळा ते टीव्हीवर दिसत नाही. कॉलेजच्या मैदानावर मधल्या खुणांच्या दोन रांगांमध्ये 40 फुटांचं अंतर असतं, वर, म्हणजे एनएफएलमध्ये, साडेअठरा फुटांचं. चेंडू एका कडेला ठेवला की कॉलेजात दुसऱ्या अंगाला अख्खं अंगण मोकळं मिळतं. त्या अंगणात मोठा झालेला पोरगा वर गेला की त्याला चाळीतल्या खोलीत उभं केल्यासारखं होतं. कॉलेजात रिसीव्हर ‘मोकळा’ आहे म्हणजे त्याच्या आजूबाजूला कोणी नाही. वर ‘मोकळा’ म्हणजे बचाव करणारा अर्धा हात मागे आहे, इतकंच.

दुसरं कारण मला जास्त पटतं: पडतो कुठे. क्वार्टरबॅक सॅम डार्नोल्ड 2018 साली तिसरा निवडला गेला. न्यूयॉर्कमध्ये त्याची वाट लागली, सगळ्यांनी त्याला मोडीत काढलं. पुढे आणखी दोन संघ फिरून 2024 साली त्यानं मिनेसोटाला 14 सामने जिंकून दिले. हात तोच, डोकं तेच. क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सच्या कॉलेजातल्या शेवटच्या मोसमात त्याची टेक्सस टेक पाच जिंकून सात हरली होती. तो कोच अँडी रीडच्या हाताखाली पडला, पहिलं वर्ष जवळजवळ नुसता बसून राहिला आणि पुढे महान झाला. म्हणून मी म्हणायला लागलो की पोरगा चालेल का हा प्रश्नच चुकीचा आहे, कोणाच्या पदरात पडतोय ते विचारा.

हे म्हणणं सोयीचंही आहे. त्यात माझ्यावर काही येत नाही.

मंडळातले एक काका दरवर्षी यावर म्हणतात, “म्हणजे आपल्या अमोल मुझुमदारसारखं.” नाही हो काका. रणजी पदार्पणात 260 काढूनही त्याला भारताकडून एकही सामना मिळाला नाही. दार उघडलंच नाही हे दुःख वेगळं. दार उघडेल असं कोणीतरी सांगितलं म्हणून पोरगा घर सोडून निघाला आणि दार बंद निघालं, हे वेगळं. त्या ‘कोणीतरी’बद्दल मला बोलायचंय.

2015 सालची गोष्ट. मी ओहायोतल्याच एका मधल्या फळीतल्या विद्यापीठात शिकवत होतो. ज्यांचे सामने नोव्हेंबरात मंगळवारी रात्री कडाक्याच्या थंडीत होतात, तसलं. आमच्या संघाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) माझ्या पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्राच्या वर्गात होता. तिसऱ्या रांगेत बसायचा आणि त्याचे गुडघे बाकाखाली मावायचे नाहीत. कॅम्पसवर त्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता. डिसेंबरात तो माझ्या खोलीवर आला. प्रमाण विचलनाचं एक गणित विचारलं, मी सांगितलं, तरी उठेना. मग म्हणाला, “प्रोफेसर, तुमच्या त्या मॉडेलमध्ये मला टाकून बघा ना.”

मॉडेलची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचवली कोणी? मीच. वर्गात फुशारकी मारली होती.

त्यानं खुर्ची ओढून माझ्या बाजूला घेतली. मी त्याचं वजन, उंची, यार्ड, किती वेळा चेंडू घेऊन पळाला, कोणाविरुद्ध, सगळं भरलं. उत्तर आलं: चौथी फेरी. त्यानं खिशातून फोन काढला आणि माझ्या स्क्रीनचा फोटो काढला.

तो कितपत निवडला जाईल यावरचं लीगच्या समितीचं मत तोवर त्याच्या हातात आलं होतं. एक वर्ष शिल्लक असलेल्या मुलांना ते मागवता येतं. समितीनं लिहिलं होतं, कॉलेजात थांब. त्यानं मला विचारलं, कोण बरोबर? मी हसून म्हणालो, “ते काय, सगळ्यांना थांबच सांगतात.” जानेवारीत त्यानं निवडीसाठी नाव दिलं आणि एजंट केला. तेव्हाच्या नियमानं परतीची वाट बंद.

आता मॉडेलचं सांगतो, कारण हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मी त्यात बारा वर्षांतले रनिंग बॅक घातले होते, पण फक्त निवडले गेलेले. जे निवडलेच गेले नाहीत त्यांची नोंद माझ्या तक्त्यात नव्हती. म्हणजे मॉडेलला कोणाबद्दलही विचारा, ते पहिली ते सातवी यांतली एक फेरी सांगणार. ‘नाही’ म्हणायला त्याला येतच नव्हतं. कॉलेजच्या पात्र खेळाडूंपैकी दोन टक्केसुद्धा निवडले जात नाहीत. नमुना निवडताना होणारी हीच चूक मी प्रत्येक सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात शिकवतो. त्या पोरानं परीक्षेत त्यावरचा प्रश्न बरोबर सोडवला होता.

30 एप्रिल 2016, शनिवार, चौथी ते सातवी फेरी. त्यानं आम्हा दोघांना आजीच्या घरी बोलावलं होतं, दोन तासांच्या वाटेवर. बायकोनं स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू घेतले. छोटं घर, चर्चमधून आणलेल्या घडीच्या खुर्च्या, टेबलावर मोठा चौकोनी केक आणि त्यावर त्याचा नंबर. टीव्हीच्या खाली त्याचा फोन चार्जरला लावून ठेवलेला. आजींनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, “तुम्हीच का ते गणिताचे प्रोफेसर?” फोटो त्यांनी पाहिला होता.

चौथी फेरी लागली. 135व्या नंबरला डॅलसनं डॅक प्रेस्कॉटला घेतलं. मी मोठ्यानं म्हणालो, “हा आता तीन वर्षं पाण्याच्या बाटल्या धरणार.” (डॅलसचा मुख्य क्वार्टरबॅक टोनी रोमोची पाठ ऑगस्टमध्ये गेली. प्रेस्कॉटनं तेरा सामने जिंकले.) 139ला ओहायो स्टेटचा कार्डेल जोन्स गेला, गावचा पोर म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चौथी फेरी संपली. पोरानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, मास्तरांनी फळ्यावर एक पायरी गाळली की पोरं बघतात तसं. मी म्हणालो, “एखाद्या फेरीचा फरक पडतोच.” पाचवी संपली. सहावीत पाहुणे एकेक करून अंगणात जायला लागले. त्याचे काका उगाचच गवतावरचं काहीतरी उचलत होते. सातवीत खोलीत आम्ही पाच जण उरलो. 253वं नाव वाचलं गेलं आणि लोक टीव्हीवर एकमेकांचे हात हातात घेऊ लागले. केक तसाच होता. आजी स्वयंपाकघरात गेल्या, नळ चालू केला आणि बराच वेळ बंद केला नाही.

दहा मिनिटांनी फोन वाजला. एका संघाला तो न निवडलेल्यांमधून हवा होता, थोड्याशा बोनसवर. आजींनी डोळे पुसले, सुरी आणली आणि केक कापला. मला कडेचा तुकडा दिला, जास्त क्रीमचा. लाडवांचा डबा तिथेच राहिला, तो उघडलासुद्धा नव्हता. गाडीत आम्ही दोघं बोललो नाही.

सप्टेंबरात संघ 53 जणांवर आला, त्यात तो नव्हता. काही आठवडे सराव संघात राहिला. मग गुडघा. संपलं.

आता माझी बाजू. रनिंग बॅकचं शरीर म्हणजे गाडीचा टायर, ठरावीक मैल धावणार. 2016 साली कॉलेजात ते मैल फुकट जात होते. तो थांबला असता आणि नोव्हेंबरात तोच गुडघा गेला असता, तर? साउथ कॅरोलायनाच्या मार्कस लॅटिमोरचा कॉलेजातच गेला. तो 2013 साली चौथ्या फेरीत निवडला गेला आणि एकही सामना न खेळता निवृत्त झाला. हे मी त्या वेळच्या ‘मी’च्या वतीनं बोलतोय. तो ‘मी’ पुढे म्हणतो, आजीच्या घराचे हप्ते होते, पोराला घाई होती.

त्यावर मी त्याला कारीम हंटची आठवण करून देतो. आमच्याच शेजारच्या टोलेडोचा रनिंग बॅक, तसल्याच मंगळवारच्या रात्री खेळणारा. तो ते एक वर्ष थांबला. 2017 साली तिसऱ्या फेरीत गेला आणि पहिल्याच मोसमात 1,327 यार्डांसह अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. मग तो ‘मी’ म्हणतो, एका उदाहरणावरून निष्कर्ष? तूच शिकवतोस ना, काढू नये म्हणून? हे भांडण मी रात्री बऱ्याचदा ऐकतो.

2019 साली माझा तो पोरगा उरलेले विषय पुरे करायला परत आला. दारावर टकटक झाली, बघतो तर हातात आमचा डबा. आत बकाय होते, शेंगदाण्याच्या लोण्याच्या गोळ्या चॉकलेटात बुडवून करतात ते. आजींनी केलेले. रिकामा डबा परत करू नये हे त्या माउलीला कोणी सांगितलं असेल? तो म्हणाला, “प्रोफेसर, तुम्ही नसतं सांगितलंत तरी मी गेलोच असतो.” मग हसून म्हणाला, “फोटो अजून आहे माझ्याकडे.” ते हसणं कसलं होतं, मला अजून लागलेलं नाही. मॉडेलमधली चूक त्याला सांगायची म्हणून मी तोंड उघडलं आणि चहा घेणार का, विचारलं.

म्हणून “बघू या”. तुम्ही टीव्हीसमोर बसून विचारता तेव्हा माझ्या उत्तरानं कोणाचं काही बिघडत नाही, हे मला कळतं. तरी जीभ वळत नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा एक जण आला, वर्गातलाच. आता दिवस वेगळे आहेत. 2021पासून पोरांना कॉलेजातच आपलं नाव-चेहरा जाहिरातींना वापरू देण्याचे पैसे मिळतात, थांबणं फुकट राहिलेलं नाही. मी लॅपटॉप उघडला नाही. पैसे, गुडघे, मैदानावरच्या खुणा, कोणता संघ कसा, निवडले न गेलेल्यांचा तक्ता, सगळं तासभर सांगितलं. त्यानं वहीत लिहूनसुद्धा घेतलं. मग वही मिटली आणि म्हणाला, “ते सगळं ठीक आहे, प्रोफेसर. पण मी चालेन का?”