तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेरा धरणार कोण ते आधी सांगा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की, नाहीतर कुणाचे आईबाबा लेकीकडे अमेरिकेला निघाले की, मला हमखास फोन येतो. "अगं तू फोटो काढतेस ना, एखादा छोटा कॅमेरा सुचव की, प्रवासात नेता येईल, घरच्यांचे फोटो निघतील, आणि वापरायला सोपा हवा बरं का." इतक्या जणांना तेच तेच सांगून झालंय की म्हटलं एकदा सगळं लिहूनच ठेवूया.

माझा पहिला प्रश्न बजेटचा नसतो. मी विचारते, तो धरणार कोण?

याला कारण आहे. आम्ही चिपळूणचे, बाबांकडे रशियन झेनिट होता, जवळजवळ किलोभर वजनाचा, फोकस हाताने, शटरस्पीड हाताने, अ‍ॅपर्चर हाताने, आणि छत्तीस फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरायचा, त्यामुळे त्या कॅमेऱ्याला घरात दुसरं कुणी हातच लावायचं नाही. आमच्या बारशांपासून दर वर्षीच्या गणपतीपर्यंत सगळे फोटो बाबांनी काढले आणि २०१६ साली बाबा गेले तेव्हा हार घालायला फोटो शोधायला बसलो तर अकरा अल्बममध्ये धड एक फोटो मिळेना. एका लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत अर्धा चेहरा, एका फोटोत पाठ. शेवटी ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला, तोच अजून भिंतीवर आहे, डोळे ताणलेले, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. बाबा असे दिसायचे नाहीत.

तेव्हापासून माझ्या लेखी सोपा कॅमेरा म्हणजे घरातलं कुणीही, आजीपासून आठवीतल्या पोरापर्यंत, कुणाला न विचारता उचलेल आणि फोटो काढेल असा. म्हणजे रोज जो फोटो काढतो तोही कधीतरी फोटोत येईल.

आता फोनचं. अर्ध्या लोकांना मी कॅमेरा घेऊच नका असं सांगते, कारण तुमचा फोन गेल्या तीन-चार वर्षांतला बरा फोन असेल आणि फोटो म्हणजे समोर उभी असलेली माणसं, जेवणाची ताटं, देवळासमोरचा ग्रुप एवढंच असेल तर फोन पुरतो, आणि संध्याकाळनंतर तर तो बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांपेक्षा चांगले फोटो काढतो. हे दुकानदार सांगत नाहीत. पण शाळेच्या गॅदरिंगला लेक स्टेजवर आणि तुम्ही पंधराव्या रांगेत, तिथे फोन हरतो, चेहऱ्याचा नुसता लगदा होतो. किल्ल्यावर नुसत्या उन्हात फोनचा स्क्रीन दिसत नाही. प्रवासात फोनवरच तिकिटं, त्यावरच नकाशा, त्यावरच पैसे, दुपारी चारला बॅटरी लाल. आणि एक गोष्ट लोक बोलत नाहीत, ती म्हणजे फोन दुसऱ्याच्या हातात द्यायला आपल्याला आवडत नाही, त्यात आपलं सगळं असतं. कॅमेरा मात्र पोरांच्या हातात खुशाल देता येतो.

कॅमेरा घ्यायचाच ठरला तर मेगापिक्सेल बघत बसू नका. वीसच्या आसपास मेगापिक्सेल बहुतेकांना असतात. बघायचा तो सेन्सर, म्हणजे लेन्सच्या मागचा तो छोटा तुकडा ज्यावर उजेड पडतो. स्वस्त आणि मोठ्या झूमच्या कॅमेऱ्यांत तो साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा असतो, तुरीच्या दाण्याएवढा समजा. महाग छोट्या कॅमेऱ्यांत ज्याला एक इंची सेन्सर म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, चिंचोक्याएवढा. एक इंच कुठेच भरत नाही, ते नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळीच्या मापावरून चालत आलंय, फसू नका, पण क्षेत्रफळ तुरीच्या दाण्याच्या चौपट आहे हे खरं आणि घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात तो फरक लगेच दिसतो.

मग सगळे चिंचोकाच का घेत नाहीत, तर सेन्सर मोठा झाला की लेन्सही मोठी लागते, आणि कॅमेरा खिशात मावायला हवा असेल तर झूम कमी करावा लागतो. सगळी निवड या एका ओढाताणीत आहे. उदाहरण देते. कॅननचा एसएक्स ७४० घ्या, ४० पट झूम, समुद्रातल्या होडीवरच्या माणसाची टोपी दिसते, पण सेन्सर तुरीचा, आणि झूम पूर्ण बाहेर काढला की लेन्स एफ ६.९ होते, म्हणजे उजेड फारच कमी आत येतो, भर दुपारी उत्तम आणि हॉलमधल्या बारशाला रडारड. उलट कॅननचाच जी ७ एक्स मार्क ३, २०१९ चा, एक इंची सेन्सर, लेन्स एफ १.८ पासून (हा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड), बारशाला सुंदर, पण झूम सव्वाचार पटच, गॅदरिंगला पुढच्या रांगेत जागा धरावी लागणार. सोनीचा आरएक्स १०० मार्क ७, तोही २०१९ चा, मधला मार्ग काढतो, आठ पट झूम आणि एक इंची सेन्सर, शिवाय वर उघडणारा छोटा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी), मात्र किंमत अंगावर येते आणि मेन्यू इतका लांब की आईच्या हातात मी तो देणार नाही. वजन दोन्हींचं तीनशे ग्रॅमच्या आसपास, पर्समध्ये जातात.

एक सांगते, सगळं एकत्र मागू नका. अंधारात छान आणि चाळीस पट झूम आणि खिशात मावणारा, असा कॅमेरा नाही. तुमच्या घरी काय जास्त होतं ते बघा, बारशी की गॅदरिंग.

आईसाठी कॅमेरा घ्यायचा ठरला तेव्हा आम्ही पुण्यात एका दुकानात गेलो आणि मी दुकानदाराला सांगितलं की मला दाखवू नका, हिला द्या. आई तेव्हा सदुसष्टची. पहिल्याच कॅमेऱ्यात ती चालू करायचं बटण शोधत राहिली कारण ते फोटो काढायच्या बटणाच्या शेजारीच, तांदळाएवढं आणि पृष्ठभागाला सपाट, नख लावावं लागत होतं. दुसरा चांगला वाटला, पण ती तो धरायची तेव्हा तिचा अंगठा बरोबर मागच्या लाल बटणावर यायचा आणि दर वेळी व्हिडिओ सुरू व्हायचा, तीनदा झालं तसं, चौथ्यांदा तिने कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "राहू दे गं." ते "राहू दे" ऐकलं की समजायचं, हा कॅमेरा पुढची दहा वर्षं कपाटात राहणार. तिसऱ्यात वेगळाच प्रकार, तिचा चष्मा दोन नंबरांचा, जवळचं बघायला हनुवटी वर करून खालच्या काचेतून बघावं लागतं, त्यामुळे स्क्रीन बघताना हात आपोआप वर जायचे आणि समोरच्याचे पाय कापले जायचे. मग दुकानदाराने (भला माणूस, घाई केली नाही) व्ह्यूफाइंडरवाला एक दिला, डोळ्याजवळची छोटी चकती फिरवून तिच्या नंबराला जुळवली, आणि आई चष्मा कपाळावर ठेवून आत बघून म्हणाली, "अगं बाई, केवढं स्वच्छ दिसतंय!"

एवढं बघितल्यावर ठरलं की आईला व्ह्यूफाइंडरच हवा. ताईने येताना अमेरिकेहून पॅनासॉनिकचा झेडएस ८० आणला, युरोपात ज्याला टीझेड ९५ म्हणतात तोच, ३० पट झूम, तुरीचा सेन्सर, पण व्ह्यूफाइंडर आहे आणि कॅमेऱ्याला धरायला पुढे बारीकसा उंचवटा आहे. अंधारातले फोटो यथातथाच येतात हे मान्य, आई अंधारात फोटो काढतच नाही. त्याचा पुढचा टीझेड ९९ २०२५ मध्ये आला, त्याला टाइप-सी आहे पण व्ह्यूफाइंडर काढून टाकलाय, त्याचं मला मनापासून वाईट वाटलं. परदेशातून मागवणार असाल तर वॉरंटी भारतात चालते का ते आधी विचारून घ्या, बऱ्याचदा चालत नाही. चार्जिंगचंही विचारा, टाइप-सी असूनही काही कॅमेऱ्यांना घरातला कुठलाही चार्जर चालत नाही, पीडी (पॉवर डिलिव्हरी) असं लिहिलेलाच लागतो.

कॅमेरा घरी आला की तो लगेच आईबाबांच्या हातात देऊ नका, एक तास तुम्ही बसा. तारीख-वेळ आधी लावा, नाहीतर दहा वर्षांनी कुठला फोटो कधीचा हे कुणालाच कळणार नाही, आणि बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की ही तारीख पुसली जाते हेही लक्षात असू द्या. डिजिटल झूम बंद करा, तो झूम नसतोच, आहे तोच फोटो कापून मोठा करतो. वरची चकती ऑटोवर ठेवा. मेन्यूत हिंदी असेल तर आणि त्यांना ती सोपी वाटत असेल तर लावून द्या. फोकसचा बीप लोक बंद करतात, आईच्या कॅमेऱ्यात मी मुद्दाम चालू ठेवलाय, कारण तिला मी एवढंच शिकवलं, बटण अर्धं दाब, पीप वाजलं की पूर्ण दाब. लोकांचे निम्मे फोटो हलतात ते एका झटक्यात बटण दाबल्यामुळे. आई दोन दिवस सरावासाठी तुळशीचे फोटो काढत होती, अर्धं दाब, पीप, पूर्ण दाब, तोंडाने पुटपुटत. आणि मनगटात अडकवायची दोरी अडकवल्याशिवाय कॅमेरा हातात घ्यायचा नाही, हा आमच्याकडे नियम आहे.

फ्लॅश ऑटोवर न ठेवता बंद ठेवा, लागेल तेव्हा चालू करा. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश जेमतेम तीन-चार मीटर पोचतो, स्टेजवरच्या नाचाला त्याचा शून्य उपयोग, पुढच्या रांगेतल्या लोकांची डोकी तेवढी पांढरी होतात. अजिंठ्यात फ्लॅशला बंदीच आहे, चित्रांचे रंग खराब होतात. मात्र एका ठिकाणी फ्लॅश हवाच, माणसं झाडाखाली आणि मागे लख्ख ऊन, तेव्हा चेहरे काळे पडतात, तिथे दिवसाढवळ्या फ्लॅश मारा, चेहरे उजळतात. हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं, करून बघा.

कोकणातल्या लोकांसाठी दोन गोष्टी. पहिली वाळू. बाहेर येणाऱ्या लेन्सचा कॅमेरा आणि वाळू यांचं जन्माचं वैर आहे. माझ्या आधीच्या कॅमेऱ्याची लेन्स गुहागरच्या किनाऱ्यावर बाहेर आली ती कर्र आवाज करत अर्ध्यातच थांबली, दुरुस्तीचा खर्च ऐकून कॅमेरा तसाच ठेवून दिला. किनाऱ्यावर प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत ठेवायचा, वारा सुटला असेल तर बाहेर काढायचाच नाही. तुमचं सगळं फिरणं पाण्याजवळचंच असेल तर ओएम सिस्टिमचा टफ टीजी ७ बघा, १५ मीटर पाण्याखाली चालतो आणि लेन्स बाहेर येतच नाही, झूम मात्र चारच पट. दुसरी गोष्ट बुरशी. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी कव्हरात कपाटात ठेवलात तर लेन्सच्या आत कोळिष्टकासारखी बुरशी धरते, ती पुसून जात नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून दोन फोटो काढा.

कार्ड मोठं एक घेण्यापेक्षा ३२ जीबीची दोन घ्या, ओळखीच्या दुकानातून, बाजारात खोटी कार्डं खूप आहेत. एकावर चारेक हजार फोटो बसतात. आणि घरी आल्यावर फोटो दोन ठिकाणी उतरवा, त्यातली एक जागा दुसऱ्या घरात असू दे. जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा बाबांचे अकराही अल्बम पाण्यात होते. चिखल धुऊन, स्वच्छ पाण्यात भिजवून, एकमेकांना चिकटलेले फोटो हळूहळू सोडवून दोरीवर वाळवले, तरी निम्मे गेले. गॅदरिंगमध्ये मी कृष्ण झाले होते त्या फोटोत आता फक्त मोरपीस आहे.

शेजारच्या काकू पुढच्या महिन्यात मुलाकडे डॅलसला निघाल्यात, पहिला नातू. त्यांना म्हटलं बाळ घरात असणार, उजेड कमी, तुम्हाला झूम काय करायचाय, चिंचोका घ्या, तर त्यांनी आईचा कॅमेरा आणि माझा असे दोन्ही दोन दिवस घरी नेऊन वापरले आणि जी ७ एक्स घेतला. काल कॅमेरा घेऊन आल्या होत्या, तारीख लावून दिली, दोरी अडकवून दिली. जादा बॅटरी चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही, विमानात हातातल्या बॅगेतच न्यायची, हे कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पाऊचमध्ये ठेवलंय. जाता जाता त्यांनी अर्धं दाबून, पीप ऐकून, माझा आणि आईचा एक फोटो काढला.