आत्या जवळची नाही

आज चिमीचा, म्हणजे माझ्या भाचीचा, टॅक्रोलिमसचा रिपोर्ट आला. बसवलेलं यकृत शरीरानं नाकारू नये म्हणून हे औषध देतात. पातळी ठीक, डोस तोच. दादानं फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'पपनस बंदच.' कुणीतरी प्रेमानं आणून दिलं असणार. पपनसानं या औषधाची रक्तातली पातळी वाढते.

रिपोर्ट फाइलीला लावताना, मी तिला यकृत द्यायला परवानगी देणाऱ्या समितीच्या मंजुरीचा कागद वर आला, म्हणून हे लिहितेय.

चिमीच्या पित्तनलिका जन्मापासूनच बंद. कावीळ दोन आठवडे झाले तरी उतरेना, तर सगळे म्हणाले कोवळ्या उन्हात धरा. शी ज्वारीच्या पिठासारखी पांढुरकी, त्यावर म्हणाले दूध पचत नसेल. पित्ताला वाट करून देणारं कासाई नावाचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालं तर जास्त उपयोग होतो. परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला पोचलो तेव्हा लेकरू चार महिन्यांचं होतं. पुढं पोटात पाणी झालं आणि यकृतच बदलायचं ठरलं.

दादाच्या यकृतावर चरबी, वहिनीचा रक्तगट जुळेना, मायला शुगर. माझा ओ, कुणालाही चालणारा. 'आत्यानं लगेच हो म्हटलं' असं आता सगळे कौतुकानं सांगतात. खरं तर मला विचारलंच नव्हतं कुणी. दादा रडला, मी तपासणीला गेले, एवढंच. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "तुझ्याबी पदरात दोन लेकरं हायती, बघ बाई."

तिथं कळलं, आत्या जवळची नातेवाईक नाही. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात नाती मोजून दिलीत: नवरा-बायको, आई-बाप, मुलं, भाऊ-बहीण, 2011 च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. आत्या कुठंच नाही. बारशाला पाळण्यापाशी कुर्र करायला मी लागते, नाव मी ठेवायचं, आणि कागदावर मी परकी! लई राग आला होता. रेशनकार्ड, शाळेचे दाखले, लग्नाचे फोटो, माझी नि दादाची माय एकच हे दाखवायला केवढी पळापळ!

समितीनं ह्यांनाही बोलावलं, पण वेगळं. मला एकटीला आत घेतलं, कॅमेरा चालू. पैसे कबूल केलेत का? घरातून दबाव आहे का? मग त्यातल्या एक बाई म्हणाल्या, "नको वाटत असेल तर आत्ता सांगा. बाहेर आम्ही सांगू की तपासणीत बसलं नाही. खरं कारण कुणाला कळणार नाही."

मी लगेच बोलले नाही. पहिल्यांदाच नाही म्हणायची सोय कुणीतरी करून दिली होती. मग म्हटलं, देते. आधी नुसतीच चालले होते. दिलं ते त्या खोलीत. त्या समितीवरचा राग तेव्हाच गेला. उलट वाटतं, वहिनीचा गट जुळला असता तर घरात तिला एवढंही कुणी विचारलं नसतं. आई म्हटल्यावर काय विचारायचं!

यकृताचा डावीकडचा तुकडा काढला, साधारण पाचवा हिस्सा. माझं पुन्हा भरून आलं, चिमीचं तिच्यासोबत वाढतंय. 1998 साली दिल्लीत वीस महिन्यांच्या मुलाला वडिलांचं यकृत बसवलं होतं, तो मोठा होऊन डॉक्टर झाला, हे दादा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. चिमी सध्या बालवाडीत जाते आणि तोंडावर मास्क ठेवत नाही.

दुपारी जिंतूरहून एका बाईचा फोन आला. दिराच्या लेकराला द्यायचंय म्हणे, दुखतं का? सांगितलं, पहिले चार-पाच दिवस लई दुखतं, खोकताना टाके ओढतात, पुढं तीन महिने पाण्याचा हंडा उचलायचा नाही. मग विचारलं, "तुला द्यायचंय का?"

"भाऊजी इथंच बसलेत," ती म्हणाली. "ठेवू का?"

सकाळी शेतात एकटी असते म्हणाली होती. उद्या दहाच्या सुमारास मीच लावीन.