आतला व्यास विचारून घ्या: काकांच्या रॉडची रील सीट बदलताना

मासे गरवायच्या रॉडवर रील जिच्यात बसतं ती नळी म्हणजे रील सीट. आतून 20 मिमीची, म्हणजे विसाची सीट मागवली, अठराची आली. बदलून मागितली, पुन्हा अठराचीच आली. या एवढ्याशा गोष्टीत माझे 33 दिवस गेले, आणि तेही दिवाळीनंतरचे. पाणी निवळलेलं, पहाटे गार वारा, रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर रोज कोणीतरी तांबोशी काढतंय, आणि माझा रॉड माळ्यावर. रॉडचं प्रत्यक्ष काम दोन संध्याकाळचं होतं. म्हणून हे लिहितोय.

रॉड काकांनी 1986 साली कुवेतहून आणलेला. नऊ फुटी, दोन तुकड्यांचा, पोकळ फायबरग्लासचा. आताचे कार्बनचे रॉड हलके असतात, पण हा पार मुठीपर्यंत वाकतो आणि माशाची ओढ तळहातात कळते. काका आता गरवायला येत नाहीत, तेव्हा तो माझ्याकडे आहे. भाट्याच्या पुलाजवळ एका संध्याकाळी चांगला शेंगाळा लागला आणि ओढताना रील हातातच फिरलं. बघतो तर सीटची सरकती टोपी, म्हणजे रीलचा पाय धरून ठेवते ती, उभी चिरलेली. खाऱ्या पाण्यानं ॲल्युमिनियम खाल्लं होतं, आट्यांत पांढरी पूड साठली होती. तंगूस (गळाची दोरी) हाताला गुंडाळून मासा काढला, बोट कापलं. तसं करू नका, फडकं तरी गुंडाळा.

जुनी सीट काढायला नुसतं हॅकसॉचं पातं पुरतं. लांबीच्या रेषेत कापत जायचं आणि आरपार जायच्या आधी, कागदाएवढी जाडी उरली की थांबायचं. मग त्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून पिळला की नळी उकलते. पातं खालच्या फायबरला लागलं तर रॉड तिथेच कधीतरी मोडणार. जुना गोंद मऊ करायला मी गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळली. गॅसची ज्योत किंवा हीट गन नको, रॉडचा राळच भाजून निघतो.

आता मापाचं. सीट बसते त्या जागी रॉडची नळी 18.4 मिमी भरली. पण सीट घालायची बुडाच्या बाजूनं (पुढून घालायची तर तंगूस ओवायची पहिली रिंग आणि पुढची मूठ दोन्ही काढावी लागतात), आणि बूड 19.1. रॉड बुडाकडे जाड होत जातो, म्हणून जिथे बसवायची तिथलं माप घेऊन भागत नाही, जिथून सरकवत न्यायची तिथलं सगळ्यांत जाड माप धरायचं. हे मला मिरजोळ्याच्या एमआयडीसीत लेथ चालवणाऱ्या मित्रानं व्हर्निअर (व्यास अचूक मोजायचं मापक) लावून दाखवलं. म्हणजे आतून 20 ची सीट हवी.

ऑनलाइन एका ठिकाणी ‘साइज 20’ असं स्पष्ट लिहिलेली सीट दिसली. मागवली. आठव्या दिवशी आली, पाकिटावर 20 चा स्टिकर. बुडाला लावली तर तोंडातच अडकली. व्हर्निअर आत घातलं: 18.0. बाहेरून कुठे मोजलं तरी 20 येत नव्हतं, म्हणजे बाहेरचा व्यास लिहिला असेल अशीही समजूत घालता येईना.

मोठी आली असती तर टेप गुंडाळून भागलं असतं. लहान आली की मार्गच नाही. दोघातिघांनी सांगितलं, रॉड थोडा घास. अजिबात घासू नका. फायबरचे थर हीच रॉडची ताकद, आणि मुठीजवळ तर सगळा भार येतो. सीट आतून कोरावी तर भिंत जेमतेम दीड मिमीची.

तक्रार केली. त्यांनी फोटो मागितला. मी व्हर्निअरचे जबडे सीटच्या आत, आकडा ठळक दिसेल असा फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘वस्तू वर्णनाप्रमाणे आहे’, आणि तक्रार बंद. पुन्हा उघडली. या वेळी फोनवरच्या मुलीला मी सावकाश सांगितलं, ताई, पाकिटावर वीस आहे, आत अठरा आहे. तिनं शांतपणे ऐकून बदली मंजूर केली. पण परत न्यायला येणारा माणूस दोनदा आलाच नाही, आणि दोन्ही वेळा मोबाइलवर संदेश, ‘ग्राहक घरी उपलब्ध नव्हते’. मी रजा घेऊन पडवीत बसलो होतो. फाटक उघडं होतं. तो संदेश वाचताना जो संताप झाला तो अजून उतरलेला नाही. खोटं लिहिणाऱ्याला काही लागत नाही, आपला मात्र दिवस जातो.

बदली आली तिसाव्या दिवशी. पाकीट न फोडता बाहेरूनच बोट घालून पाहिलं आणि कळलं. तोच स्टिकर, तेच अठरा.

शेवटी मुंबईला असलेल्या भाच्याला व्हर्निअर घेऊन मासेमारीच्या सामानाच्या दुकानात पाठवलं. त्यानं चार सीट मोजल्या, 20.1 ची निवडली आणि रातराणीनं पाठवून दिली. तीन दिवसांत काम झालं. तेव्हा पैसे भरण्याआधी आतल्या व्यासाचा, व्हर्निअर लावलेला फोटो मागा. देत नसतील तर घेऊ नका.

बसवणं सोपं. रॉडला मास्किंग टेपचे पाव-पाव इंचाचे तीन पट्टे, मध्ये जागा सोडून, प्रत्येकी सहा वेढे, सीट हलकेच घट्ट सरकेल इतपत. टेप सीटच्या दोन्ही तोंडांपर्यंत नेऊ नका, तिथे गोंदच हवा, नाहीतर पाणी टेपमध्ये मुरतं. सीट आतून पॉलिश पेपरनं खरवडून स्पिरिटनं पुसली. पाच मिनिटांत सुकणारा गोंद टाळा, तो ठिसूळ होतो. मी साधं, संथ सुकणारं अराल्डाइट दोन्ही नळ्यांतून समान घेऊन चांगलं घोटलं आणि पट्ट्यांमधल्या जागाही भरल्या. गोंद ओला असतानाच रील लावून, वरच्या रिंगांमधून एका डोळ्यानं बघून सरळ रेषा साधायची. मग रील लगेच काढून घ्यायचं, नाहीतर तेही चिकटेल. दीड दिवस हात लावला नाही. काढलेली मागची मूठ त्यानंतर बसवली.

रॉड काकांना नेऊन दाखवला. त्यांनी रील चढवलं, नट बोटांनी आवळला, रॉड उभा धरून रिंगांमधून बराच वेळ बघितलं. ‘पक्कड लावू नकोस कधी,’ म्हणाले, ‘हातानंच आवळायचा.’

एक सांगायचं राहिलं. घरी आल्यावर रील उतरवून ठेवा आणि सीटचे आटे गोड्या पाण्यानं धुऊन पुसा. जुनी सीट मीठ आत कोंडल्यानंच गेली. आणि ऑनलाइन सीटचे पैसे 41 व्या दिवशी परत आले, पाठवणीचे 90 रुपये कापून.