माझ्या नावावर 14 लॅपटॉप

मी कंपनीचं आयटी बघतो. मागच्या महिन्यात ऑडिटवाला आला आणि एका लॅपटॉपवर बोट ठेवून म्हणाला, हा कोण वापरतं? आता हा काय प्रश्न झाला, म्हणून मी आपली एक्सेल उघडली, तर त्यात नाव होतं दिवाळीआधीच सोडून गेलेल्या माणसाचं. मग म्हणलं इंट्यूनमध्ये, म्हणजे ऑफिसचे लॅपटॉप सांभाळायच्या मायक्रोसॉफ्टच्या सिस्टिममध्ये बघू, तिथं प्रायमरी युजर, म्हणजे मुख्य वापरणारा कोण, तर मी. पुढचा लॅपटॉप, परत मीच. असे एकूण 14 निघाले. गावाकडच्या सातबाऱ्यावर माझं नाव अजून लागलेलं नाही आणि इथं 14 लॅपटॉप.

चूक माझीच होती म्हणा. नवीन लॅपटॉप आला की घाईत मी माझ्याच अकाउंटने लॉगिन करून एनरोल करायचो, म्हणजे इंट्यूनमध्ये नोंदवायचो, आणि मग डबा बंद करून ज्याचा त्याला द्यायचो, आणि इंट्यून ज्याच्या लॉगिनने एनरोल झालं त्यालाच मालक समजतं, नंतर दुसरा कोणी रोज वापरत असला तरी ते नाव आपोआप बदलत नाही, हाताने बदलावं लागतं.

मग खरं कोण वापरतंय हे शोधायला लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदी बघायच्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी लॉग उघडायचा आणि 4624 नंबरचा इव्हेंट फिल्टर करायचा, म्हणजे यशस्वी लॉगिन. पहिल्यांदा बघणारा तिथंच गडबडतो. आमचा नवीन ट्रेनी मला विचारतो, सर हा डीडब्ल्यूएम-1 कुठल्या डिपार्टमेंटचा? अरे बाबा तो माणूस नाही, विंडोजचं स्वतःचंच खातं आहे ते. अशी खाती आधी नावावरून गाळायची, कारण लॉगॉन टाइपमध्ये, म्हणजे लॉगिन कसं झालं त्याच्या नंबरमध्ये, तीही 2 नेच दिसतात. मग उरलेल्यांचा टाइप बघायचा. 2 म्हणजे साधारणपणे कोणीतरी समोर बसून लॉगिन केलं, 7 म्हणजे लॉक उघडलं, 10 म्हणजे रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून लांबून लॉगिन, 5 म्हणजे सर्व्हिस, मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, तो सोडून द्या. आणि हे लवकर करायचं, कारण सिक्युरिटी लॉगची साइज मुळात 20 एमबीच ठेवलेली असते, भरला की जुनं पुसलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचे साइन-इन लॉग फुकटच्या प्लॅनमध्ये 7 दिवस राहतात, पैसे भरले तर 30.

क्लाउडच्या लॉगवरून आठवलं. एकदा एचआरच्या मॅडम प्रिंट घेऊन आल्या, म्हणे हा मुलगा पहाटे 3:15 ला लॉगिन करून काय करतो, डेटा बाहेर नेतोय का? मी बघितलं तर डाउनलोड केलेल्या फाइलमधली वेळ यूटीसी होती, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ, कॉलमच्या नावातच लिहिलेलं असतं पण वाचतो कोण. साडेपाच तास मिळवा, सकाळचे पावणेनऊ. बिचारा वेळेवर कामाला येत होता एवढाच त्याचा गुन्हा.

पण खरी गंमत स्टोअरच्या पीसीवर. तिथं तीन शिफ्टला मिळून एकच अकाउंट, स्टोअर1, आणि पासवर्ड कॅलेंडरच्या मागे पेनाने लिहिलेला. एक दिवस स्टॉकची फाइल उडाली. लॉग काय सांगणार, स्टोअर1 ने उडवली. तेवढं तर आम्हालाही माहीत होतं. सगळ्यांनी दुसऱ्या शिफ्टवर ढकललं, आणि वर कोणीतरी म्हणालं आयटीला सगळं दिसतं, ते सांगतील. नाही हो दिसत, मला फक्त अकाउंट दिसतं, खुर्चीत कोण बसलंय ते नाही.

त्यानंतर प्रत्येकाला वेगळं अकाउंट दिलं. स्टोअरचे काका म्हणाले मला पासवर्ड लक्षात राहत नाही, बोटाचं ठेव. पण आयुष्यभर लोखंड हाताळून बोटं इतकी झिजलेली की रीडर घेईना, शेवटी पिन ठेवला. दोन दिवसांनी काका शेजारच्या पीसीवर बसले आणि पिन चालत नाही म्हणून माझ्यावरच ओरडले, कारण विंडोज हॅलोचा, म्हणजे विंडोजच्या बोट-पिनवाल्या लॉगिनचा पिन ज्या मशीनवर बनवला तेवढ्यावरच चालतो, हे मी सांगायला विसरलो होतो.

एक गोष्ट मात्र मी करत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर लोक क्रोममध्ये घरचं जीमेल लावून ठेवतात, आणि त्यावरून माणूस लगेच ओळखू येतो हे मान्य, पण एचआरच्या मॅडमनी तसं शोधायला सांगितलं तेव्हा मी सरळ नाही म्हणलं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कामापुरती कर्मचाऱ्याची माहिती वापरायला वेगळी संमती लागत नाही अशी तरतूद आहे, पण कामापुरती, आणि कोणाचं घरचं जीमेल कुठल्या हिशेबाने ऑफिसचं काम झालं?

असो. 14 पैकी 12 लॅपटॉप आता त्या त्या माणसाच्या नावावर केलेत. राहिलेल्या 2 मधला एक माझाच आहे. दुसरा कुठंय ते शोधतोय, शेवटचं लॉगिन माझंच दिसतंय.